मोरचूद: परिचयाआड दडलेला धोका

मृग नक्षत्र तोंडावर आले की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कुळागरांत फवारणीची लगबग सुरू होते. पावसाळ्यात कोळेरोगाने कोवळी सुपारी गळून पडू नये, यासाठी पोफळींवर बोर्डो मिश्रण फवारले जाते. त्यातील मुख्य घटक म्हणजे मोरचूद, अर्थात कॉपर सल्फेट हा तांब्याचा क्षार. फ्रान्समधील बोर्दो येथे मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये द्राक्षवेलींसाठी हे मिश्रण पुढे आणले. आजही बागायतदारांचा त्यावर भरवसा आहे आणि तो अनाठायी नाही. चिंता वेगळीच आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयामुळे मोरचूद हे विष आहे, याचाच विसर पडू लागला आहे.

हा निळा खडा पोटात गेल्यास उलट्या होतात, तांबड्या रक्तपेशी फुटतात, यकृत आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. डोळ्यात उडाल्यास बुबुळाला कायमची इजा संभवते. कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी झालेल्या औषधाच्या वेष्टनावर विषारीपणा दर्शविणारे रंगीत चिन्ह आणि उपचाराची माहिती असावी लागते. तोच मोरचूद सुटा तोलून साध्या पिशवीत घेतला की हा इशारा दुकानातच राहतो. पुढे ती पिशवी स्वयंपाकघराच्या माळ्यावर पडून राहिली, तर तिच्या आकर्षक रंगाचा मोह सर्वप्रथम लहान मुलांना होतो.

मिश्रण तयार करण्याचेही शास्त्र आहे. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागते. दोन्ही द्रावणे वेगवेगळी करून मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत ढवळत ओतावे. मोरचूद लोखंड खातो, म्हणून भांडी प्लास्टिकची किंवा मातीची हवीत. तयार मिश्रणात लोखंडी सुरीचे स्वच्छ पाते बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे तांबे उरले आहे असे समजून चुना वाढवावा. अन्यथा झाड करपते आणि कातडीही भाजते. कळीचा चुना विरघळताना उकळतो, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे फवारणीपुरते नव्हे, मिश्रण करतानाही आवश्यक आहेत. डोळ्यात काही उडाल्यास वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर संपर्क साधून वेष्टन सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

धोका बागेच्या कुंपणाशी थांबत नाही. तांब्याचे विघटन होत नाही. ते मातीत साचते आणि पाण्यात उतरल्यास माशांना घातक ठरते. युरोपीय संघाने शेतीतील तांब्यावर हेक्टरी सात वर्षांत २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो अशी मर्यादा घातली आहे. एक किलो मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम तांबे असते, हे लक्षात घेतले की वर्षाकाठी १६ किलो मोरचुदातच ती मर्यादा गाठली जाते. आपली कुळागरे ओहोळांच्या काठी वसली आहेत. पेडण्याच्या उत्तरेकडील ओहोळ तेरेखोलला मिळतात, डिचोलीतील मांडवीला. ओहोळात धुतलेला पंप आणि ओतलेले उरलेले मिश्रण खाडीच्या दिशेनेच जाते. कालव, तिसऱ्या यांसारखे जीव पाणी गाळून जगतात आणि तांबे शरीरात साठवतात. म्हणून पंप धुतलेले पाणी बागेतच, ओहोळापासून दूर जिरवायला हवे.

या साऱ्याचा पहिला भार पडतो तो पोफळीवर चढणाऱ्या मजुरावर. वरून ठिबकणारे मिश्रण त्याच्याच तोंडावर येते आणि सुपारीच्या भावात त्याचा वाटा नसतो. चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडे देणे ही बागायतदाराची जबाबदारी मानली गेली पाहिजे. विभागीय कृषी कार्यालयांनी आणि सहकारी संस्थांनी मोरचुदासोबत मराठी व कोंकणीतील सूचनापत्रक आणि संरक्षक साहित्य दिले, तर फार मोठ्या खर्चाविना बरेच साधेल. शक्य तिथे घोसांना प्लास्टिकचे आवरण बांधण्याचा पर्यायही आहे. सुपारी वाचवायचीच आहे. मात्र तिची किंमत मजुराच्या डोळ्यांनी आणि तेरेखोलच्या पाण्याने मोजावी लागू नये.