ठिपक्याला नाव देण्यापूर्वी

गाळण कागदावर काळ्या स्केचपेनचा ठिपका देऊन कागदाचे टोक पाण्यात बुडवले, की पाणी वर चढते आणि काळ्यातून निळा, तांबडा, पिवळा असे रंग सुटे होतात. कागदी वर्णलेखनाचा हा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. पण रंग सुटले की प्रयोग संपला, असे आपण मानतो. माझ्या मते तो तेव्हा अर्धाच झालेला असतो. पदार्थ वेगळे करणे निराळे आणि ते ओळखणे निराळे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला ऊसच पाहा. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तोडलेला ऊस पडून राहिला, तर त्यातील सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात आणि साखरेचा उतारा घटतो. या तिन्ही शर्करा कागदावर वेगळ्या होतात. द्रावक म्हणून ब्युटेनॉल, ॲसेटिक आम्ल व पाणी यांचे मिश्रण घेतले, तर फ्रुक्टोज पुढे जाते, ग्लुकोज मध्ये राहते आणि सुक्रोज मागे. शर्करा रंगहीन असल्याने कागद सुकवून त्यावर योग्य रसायन फवारावे लागते व तो तापवावा लागतो. तेव्हा कुठे ठिपके दिसतात. तेही जवळजवळ! मग कोणता ठिपका कोणाचा, हे कसे ठरवणार? त्याच कागदावर शेजारी शुद्ध शर्करांचे ठिपके चालवूनच.

ठिपक्याने कापलेल्या अंतराला द्रावकाने कापलेल्या अंतराने भागले, की 'आर. एफ.' मूल्य मिळते. कागद, तापमान किंवा द्रावक बदलला, की तेही बदलते. म्हणून पुस्तकातील आकडा वहीत उतरवण्यात अर्थ नाही. कॉन्स्डेन, गॉर्डन व मार्टिन यांनी १९४४ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांनी एकाच कागदावर दोन दिशांनी दोन द्रावकही चालवले. कारण एका द्रावकात दोन निराळे पदार्थ एकाच जागी येऊ शकतात. ठिपके जुळले नाहीत, तर 'हा तो नव्हे' असे ठामपणे म्हणता येते. जुळले, तर फक्त 'हा तो असू शकेल' एवढेच.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की काळ्या ठिपक्याशेजारी निळ्या, तांबड्या, पिवळ्या स्केचपेनांचे ठिपकेही द्यायला लावा, अंतरे पट्टीने मोजून घ्या आणि मगच निष्कर्ष लिहू द्या. ही सवय लागलेला विद्यार्थी जिलबीतून सुटलेला एक पिवळा ठिपका पाहून दुकानदाराला भेसळखोर म्हणणार नाही. आधी तो विचारील, 'शेजारी माहितीचा ठिपका ठेवला होता का?'