‘नेट गेले’ म्हणजे नेमके काय गेले?



संध्याकाळी घरातले दिवे एकदम गेले, की तुमच्या घरी पहिले वाक्य कोणते ऐकू येते? ‘समोरच्यांकडे आहेत का बघ रे!’ हे वाक्य उच्चारणाऱ्या आजीने पदार्थविज्ञानाचे पुस्तक कधी उघडलेही नसेल. पण त्या एका प्रश्नाने तिने शोधाचे क्षेत्र निम्मे करून टाकलेले असते. समोर दिवे असतील तर दोष आपल्या घरात, नसतील तर खांबावर किंवा त्याच्याही पलीकडे. घरातच दोष असेल तर पुढचा प्रश्न: एकाच खोलीतले गेले की सगळ्या? मग फ्यूज, मग बटण, मग दिवा. कोणीही भिंत फोडून तारा उपटायला सुरुवात करत नाही.

आता त्याच घरात लॅपटॉपवरचे वायफाय बंद पडू द्या. ‘नेट गेले’ असा पुकारा होतो आणि मंडळी दिसेल ते बटण दाबू लागतात. कोणी लॅपटॉप बंद करून चालू करतो, कोणी राउटरची पिन उपटतो, कोणी नेटवाल्याला फोन लावतो. आजीचा प्रश्न कोणीच विचारत नाही. माझे म्हणणे असे, की बंद पडलेली बिनतारी जोडणी पूर्ववत करणे हे तंत्रज्ञाकडे सोपवून मोकळे होण्याचे काम नाही. तो शालेय पदार्थविज्ञानातला एक उत्तम प्रयोग आहे, आणि आपल्या शाळा तो रोज वाया घालवत आहेत.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. अर्ज, पसंतीक्रम, प्रवेशपत्र, निकाल, शिष्यवृत्ती हे सगळे पडद्यावर आले. पुण्यातल्या मुलाचे नेट गेले तर तो खाली उतरून दुसरीकडे जाईल. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याने पिंपळीकडे या. तिथून आत मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्या मुलीला शेवटच्या दिवशी हा दोष सापडला नाही, तर तिचे नुकसान कोण भरून देणार?

पहिली गोष्ट म्हणजे वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भागातल्या मुलांना हे चटकन समजावे. नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटलेले नसेल, तर तुमची चारी कितीही स्वच्छ असली तरी शेतात पाणी येणार नाही. आणि कालवा भरून वाहत असला तरी चारी तुंबलेली असेल तर शेत कोरडेच. वायफाय ही लॅपटॉपपासून राउटरपर्यंतची शेवटची चारी. इंटरनेट हा राउटरच्या पलीकडचा कालवा. पडद्याच्या कोपऱ्यातल्या पंख्यासारख्या चिन्हाच्या सगळ्या रेषा भरलेल्या दिसतात आणि तरीही पान उघडत नाही, याचे नवल वाटायला नको. त्या रेषा फक्त चारीबद्दल सांगतात. वीज गेल्यावर घरातला राउटर इन्व्हर्टरवर चालूच असतो, पण गावातल्या नेटवाल्याच्या पेटीला वीज नसते. मग चिन्ह पूर्ण आणि नेट शून्य! ही तर आपल्याकडची रोजची गोष्ट.

तेव्हा पहिला प्रश्न आजीचाच: त्याच राउटरवर दुसऱ्याचा मोबाइल चालतो का? चालत असेल तर राउटर आणि त्यापलीकडचे सगळे निर्दोष, दोष लॅपटॉपमध्ये. चालत नसेल तर लॅपटॉपला हातही लावू नका.

दोष लॅपटॉपमध्ये असेल तर आधी विमानाचे चिन्ह पाहा. विमानात बसताना रेडिओ बंद करण्यासाठी ठेवलेली ही सोय एका कळीवर असते आणि ती नकळत दाबली जाते. काही लॅपटॉपांना कडेला एक बारीक सरकती कळही असते. मग परवलीचा शब्द पाहा. राउटरचा शब्द कोणी बदलला असेल तर लॅपटॉप इमानेइतबारे जुनाच शब्द सांगत राहतो. त्याला ती जोडणी विसरायला लावून नवा शब्द द्यावा लागतो. आणि तारीख पाहा! उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाटात पडून राहिलेल्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी पार उतरते, आतले घड्याळ चालवणारा छोटा घटही मेलेला असला तर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळे आपले प्रमाणपत्र दाखवतात आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. लॅपटॉप चुकीच्या तारखेने ते तपासतो, अवैध ठरवतो आणि पान उघडायचे नाकारतो. जोडणी शाबूत, दोष कॅलेंडरचा.

एवढ्याने भागले नाही तर ‘पिंग’ नावाची एक छोटी आज्ञा आहे. माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने ती १९८३ साली लिहिली. पाणबुडी शोधताना सोनार यंत्र ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहते. त्या आवाजावरून हे नाव. विंडोजमधला कमांड प्रॉम्प्ट उघडून (अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत) ‘पिंग १२७.०.०.१’ असे लिहा. ही हाक लॅपटॉप स्वतःलाच मारतो. उत्तर आले तर त्याची आतली यंत्रणा जागी आहे. मग राउटरला हाक मारा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. मग दूरच्या ८.८.८.८ या पत्त्याला. आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाला त्याच्या नावाने. अंकांच्या पत्त्यावरून उत्तर येते पण नावाने येत नाही, असे झाले तर रस्ता ठीक आहे; नावावरून पत्ता शोधून देणारी दूरची वही तेवढी सापडत नाही. आणखी एक खूण लक्षात ठेवा. लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, त्याने तो स्वतःच ठरवून घेतला आहे. अशा वेळी मात्र राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे हा खराखुरा उपाय ठरू शकतो. बंद-चालू करण्याला माझा विरोध नाही. काय झाले हे न पाहता ते करण्याला आहे.

बंद-चालू करणे वेगळे आणि ‘रीसेट’ वेगळे, हेही सांगून ठेवतो. राउटरच्या पाठीमागे टाचणीने दाबायचे एक भोक असते. ते दाबून धरले की राउटर सर्व काही विसरतो: आपले नाव, परवलीचा शब्द, आणि अनेकदा नेटवाल्याने भरलेली खात्याची माहितीसुद्धा. माझ्या माहितीतल्या एका शाळेत कोणीतरी मोठ्या उत्साहाने ती टाचणी चालवली. तीन दिवस शाळा नेटविना राहिली. मूळचा दोष काय होता? एका लॅपटॉपवर विमानाची कळ दाबली गेली होती!

आता हवेतल्या टप्प्याकडे येऊ, कारण खरे पदार्थविज्ञान तिथे आहे. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या कंप्रतांवर चालते. प्रकाशाच्या वेगाला कंप्रतेने भागा. तरंगलांबी अनुक्रमे १२.५ आणि ६ सेंटिमीटर येते. राउटर साधारण १०० मिलिवॅट शक्ती हवेत सोडतो. मोबाइलवरील एखादे मोजणीचे ॲप ‘उणे ७० डीबीएम’ असे दाखवते, तेव्हा तिथे पोहोचलेली शक्ती असते त्या १०० मिलिवॅटचा एक अब्जावा भाग. आणि तेवढ्यावर काम चालते! दर दहा डीबीएमला शक्ती दहापट कमी होते. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, पाण्याची टाकी मध्ये आली की असे दहा-वीस सहज जातात. राउटर शोभेसाठी कपाटात ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी मूळ लहरींशी मिळून काही जागी जोर धरतात, काही जागी एकमेकींना मारतात. लॅपटॉप वीतभर सरकवला तरी फरक पडतो तो यामुळे. परावर्तनांचा हा गोंधळ निस्तरण्याची एक महत्त्वाची युक्ती जॉन ओसुलिव्हन आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात काढली. ओसुलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. स्फोट पावणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे संदेश ते शोधत होते. ते सापडले नाहीत, पण फिसकटलेला संकेत सावरण्याचे गणित पुढे कामी आले.

पाणी या लहरी शोषते. (मायक्रोवेव्ह भट्टीची २.४५ गिगाहर्ट्झ ही कंप्रता पाण्याच्या रेणूच्या अनुनादाची म्हणून निवडली, असे कुठे कुठे छापलेले आढळते. ते खरे नाही. साध्या तापमानाच्या पाण्यात शोषणाचा कळस २० गिगाहर्ट्झच्या आसपास येतो.) आणि पाण्याने भरलेला ऊस तर आपल्या चहूकडे आहे. वस्तीवरच्या काही घरांत गावातल्या मनोऱ्यावरून छोट्या तबकडीने नेट येते. उन्हाळ्यात ते उत्तम चालते आणि ऊस वाढला की रडू लागते. मालक नेटवाल्याला दूषणे देतो. हिशेब करून पाहा. दोन तबकड्यांमधली लहर दोरीसारखी बारीक नसते. मध्यभागी फुगलेल्या काकडीसारखी जागा तिला लागते. मध्यावर त्या काकडीची त्रिज्या, तरंगलांबी आणि अंतर यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या निम्मी असते. अंतर १ किलोमीटर, तरंगलांबी ६ सेंटिमीटर धरली तर उत्तर येते सुमारे ३.९ मीटर. त्यातला निदान साठ टक्के भाग, म्हणजे २.३ मीटर, मोकळा असावा असा दंडक आहे. तबकड्या ५ मीटर उंचीवर असतील तर मोकळ्या रानात काही अडचण नाही. पण ऊस साडेतीन मीटर झाला की खाली दीडच मीटर उरतो. तबकडीतून पाहिले तर मनोरा स्वच्छ दिसतो, आणि तरीही संकेत क्षीण! इथे राउटर शंभर वेळा बंद-चालू केला तरी काय होणार?

आपल्याकडे बिनतारी संदेश काही आज आलेला नाही. बारामतीहून रेल्वेने निघालात तर पहिले मोठे स्थानक दौंड. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनी कंपनीच्या ‘बीम’ पद्धतीने बिनतारी तारसेवा सुरू झाली. संदेश पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि घेणारे केंद्र दौंडला. दोन्ही केंद्रांत इतके अंतर का? आपल्याच प्रक्षेपकाच्या गोंगाटात इंग्लंडहून आलेला क्षीण संकेत बुडून जाऊ नये म्हणून. संकेत बंद पडला तर दोष इंग्लंडमधल्या प्रक्षेपकात असेल, वाटेतल्या आकाशात असेल, दौंडच्या ग्राहकयंत्रात असेल किंवा तिथून पुढे मुंबईला जाणाऱ्या तारेत असेल. आकाशातले आयनांबर दिवसा वेगळे आणि रात्री वेगळे वागते, म्हणून अशा लघुलहरी सेवांना दिवसरात्रीच्या तरंगलांब्या बदलाव्या लागत. टप्पे पाडून विचार केल्यावाचून तिथे एक दिवसही निभला नसता.

काही शिक्षकबंधू म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचे? आणि पैसे घेणारा तंत्रज्ञ असताना मुलांनी डोके का शिणवावे? अभ्यासक्रमाची अडचण मला मान्य आहे. मीही ती रोज भोगतो. पण संगणकाच्या तासाला नेट गेले की आपण काय करतो? मुलांना सोडून देतो आणि लॅपटॉप कपाटात कुलूपबंद करतो. तो तास तर रिकामाच असतो! तोच मुलांना द्या. नियम दोनच ठेवा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्यापूर्वी काय होईल असे वाटते ते वहीत लिहायचे. टाचणी मात्र शिक्षकांच्या खिशात असू द्या. तंत्रज्ञाचे म्हणाल, तर ‘नेट गेले’ असे ऐकणारा तंत्रज्ञ केव्हातरी येतो. ‘राउटरपर्यंत उत्तर येते, पुढे येत नाही, सकाळी दहापासून’ असे सांगणाऱ्याचे काम पुष्कळदा फोनवरच होते.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. महिनाभर तारीख, वेळ आणि लक्षण लिहून ठेवा. नेट रोज संध्याकाळी मंदावते की दुपारच्या उन्हात, वीज गेल्यावर की पाऊस आल्यावर, हे दिसू लागेल. आणि घराशेजारी नवी लागण झाली असेल तर एक प्रयोग लगेच सुरू करा. उसाच्या एका बांधावर राउटर किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट ठेवा, पलीकडच्या बांधावर ठरलेल्या जागी दुसरा मोबाइल धरून डीबीएमचा आकडा घ्या. दर रविवारी त्याच वेळी, त्याच उंचीवर दहा आकडे घेऊन सरासरी काढा. शेजारी उसाची उंची लिहा. पाऊस पडून पाने ओली असतील त्या दिवशी तशी खूण करा. तोडणी होईपर्यंत हे चालू ठेवून आडव्या अक्षावर उंची आणि उभ्या अक्षावर डीबीएम घेऊन आलेख काढा, आणि तोडणीच्या दुसऱ्या दिवशी शेवटचा आकडा घ्यायला विसरू नका.