गोल कव्हय व्हई?

ऑफिसात काही वाद कधीच मिटत नाहीत. एसी किती डिग्रीवर ठेवायचा, मशीनमधल्या गरम पाण्याला चहा म्हणायचं का, आणि फुटबॉल बघायला खरंच मजा येते का? पहिल्या दोघांना माझ्याकडे इलाज नाही. तिसऱ्याचं मात्र आज काय ते होऊन जाऊ द्या.

आमचा क्लायंट अमेरिकन. सोमवारच्या कॉलची पहिली पाच मिनिटं हवापाणी आणि खेळ यांच्यासाठी राखीव. एकदा साहेब म्हणाले, दीड तास बावीस माणसं धावतात, स्कोअर शून्य-शून्य, आणि लोक खुशीत घरी जातात, हे काय गौडबंगाल आहे? इकडे आमची आख्खी टीम म्यूटवर हसली. दोन वर्षांत क्लायंट आणि डेव्हलपर यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, ते असं!

एकमत होण्याचं कारण सोपं आहे. त्यांचे खेळ आणि आपलं क्रिकेट एकाच खानदानातले. एक चेंडू, मग विश्रांती. पुन्हा एक चेंडू, पुन्हा विश्रांती. प्रत्येक वेळी काहीतरी घडतं आणि ते वहीत लिहिता येतं. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या मॅचेस घड्याळ लावून मोजल्या. तीन तासांच्या तमाशात चेंडू प्रत्यक्ष खेळात होता जेमतेम ११ मिनिटं! हसू नका, आपलाही हिशेब करा. ट्वेंटी-२० मध्ये २४० चेंडू. एका चेंडूला रनअपपासून दहा सेकंद धरले तरी ४० मिनिटं होतात. मॅच चालते साडेतीन तास. उरलेल्या वेळात रिप्ले, जाहिराती, व्हॉट्सअ‍ॅप आणि 'अगं, जरा कांदाभजी आण'.

फुटबॉल ही सोय देत नाही. एकदा शिट्टी वाजली की ४५ मिनिटं खेळ आपला चालूच. बायकोच्या मेसेजला 'हो' टाइप करायला मान खाली घातली आणि नेमका गोल झाला, हा अनुभव कुणाला नाही? ओव्हर नाही, रनरेट नाही, 'इतक्या चेंडूंत इतके हवेत' असं काही नाही. हिशेब ठेवता येत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की काही घडतच नाहीये.

आता गोल कमी होतात हे तर खरंच. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपात ६४ मॅचेसमध्ये १७२ गोल झाले. म्हणजे साधारण अर्ध्या तासाला एक. बास्केटबॉलमध्ये एकेक टीम शंभरी ओलांडते, त्यांना हे उपोषणच वाटणार. पण त्यातही एक गंमत आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका टचडाउनचे सहा पॉइंट आणि वरचा एक बोनस. तेव्हा २१-१४ हा भरगच्च दिसणारा स्कोअर म्हणजे खरं तर तीन-दोन! अर्धा फरक तर नुसत्या पॅकेजिंगचा.

आणि फुटबॉल कधी कधी बोअर होतो, हे फुटबॉलवाल्यांनीही कबूल केलेलं आहे. १९९० च्या इटलीतल्या वर्ल्ड कपात ५२ मॅचेसमध्ये फक्त ११५ गोल. आघाडी मिळाली की चेंडू मागे गोलकीपरकडे द्यायचा, त्याने तो हातात घेऊन वेळ काढायचा, असा सरकारी कारभार. शेवटी १९९२ मध्ये नियम आला की आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. १९९४ च्या वर्ल्ड कपपासून जिंकणाऱ्याला दोनऐवजी तीन पॉइंट मिळायला लागले. तो वर्ल्ड कप कुठे होता? अमेरिकेत! आणि फायनल? ब्राझील विरुद्ध इटली, १२० मिनिटं खेळून शून्य-शून्य. निकाल पेनल्टीवर. वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये असं पहिल्यांदाच घडलं, तेही नेमकं अमेरिकनांच्या अंगणात. तरी त्या स्पर्धेला एकूण ३५ लाखांहून जास्त लोक आले. म्हणजे बोअर म्हणणारे आणि तिकीट काढणारे एकाच देशात सुखाने नांदत होते.

आता आपल्याकडे या. 'काहीच घडत नाही' ही तक्रार मराठी माणसाने करावी? १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध आपल्या नाशिकच्या बापू नाडकर्णींनी सलग २१ ओव्हर मेडन टाकल्या. १३१ चेंडू, एकही रन नाही. ही गोष्ट आपण साठ वर्षं छाती फुगवून सांगतोय. कारण आपल्याला ती 'वाचता' येते. त्या प्रत्येक चेंडूमागचा टप्पा आणि बॅट्समनची घुसमट आपल्याला कळते. काही न घडण्यातला थरार आपल्याला अजिबात अनोळखी नाही. फुटबॉलची बाराखडी तेवढी गिरवलेली नाही.

बाराखडी कशी गिरवायची, हे मला आमच्या भडगावच्या मामांनी शिकवलं. मामांनी आयुष्यात गिरणेचा पूर, केळीचा भाव आणि क्रिकेटचा स्कोअर याखेरीज कशाची चौकशी केलेली नाही. १८ डिसेंबर २०२२, रविवार. कतारची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. मी सुट्टीला गेलो होतो आणि टीव्ही एकच, त्यामुळे मामांचा नाइलाज. पहिल्या वीस मिनिटांत त्यांनी चार वेळा विचारलं, "भाऊ, गोल कव्हय व्हई?" मग, "नुसता पयीच ऱ्हायनात ना ह्या!" मेस्सीची पेनल्टी झाली, डी मारियाचा गोल झाला, हाफ टाइमला दोन-शून्य. मामा म्हणाले, चला, संपलं. पांघरूण ओढलं.

८० व्या मिनिटाला एम्बाप्पेची पेनल्टी. ८१ व्या मिनिटाला पुन्हा एम्बाप्पे. दोन-दोन! मामा ताडकन उठून बसले. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आते समजनं. हाई ते कुस्तीच शे!"

खरं सांगतो, इतकं नेमकं विश्लेषण मी कुठल्या सूटवाल्या एक्स्पर्टकडून ऐकलेलं नाही. यात्रेतली कुस्ती आठवा. दोन पैलवान वीस-वीस मिनिटं नुसते एकमेकांत अडकलेले. नवख्याला वाटतं, हे काय, मिठी मारून उभे आहेत! जाणकार मात्र बोटांची पकड बघत असतो, कुणाचा पाय सरकला, कुणाचा श्वास तुटला ते बघत असतो. वीस मिनिटं काहीच होत नाही, आणि मग एका सेकंदात चितपट. त्या सेकंदाची किंमत आधीच्या वीस मिनिटांनी वाढवून ठेवलेली असते. आणि कुस्ती बरोबरीत सोडवली तरी लोक चिडत नाहीत, 'तोडीस तोड झाली' म्हणत घरी जातात. आमच्या क्लायंटच्या प्रश्नाचं उत्तर भडगावात होतं बघा!

जादा वेळेत मेस्सीने पुढे नेलं, एम्बाप्पेने पुन्हा गाठलं. तीन-तीन. शेवटच्या क्षणी अर्जेंटिनाच्या गोलकीपरने पायाने एक गोल अडवला, तेव्हा मामांनी माझा दंड असा धरला होता की सकाळी वळ दिसत होते. अर्जेंटिना पेनल्टीवर ४-२ ने जिंकली.

मामांचं हे कुस्तीचं गणित कोल्हापूरवाल्यांना ऐकवलं तर ते म्हणतील, त्यात नवीन ते काय? तिथल्या फुटबॉल टीमची नावंच बघा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. लाल मातीतल्या तालमी आणि त्यांच्याच नावाने फुटबॉल. पेठ विरुद्ध पेठ मॅच असली की शाहू स्टेडियम खचाखच. तिथे शून्य-शून्यवर कुणी जांभई देत नाही, कारण मैदानात आपल्या गल्लीतला पोरगा असतो.

आणि आता याच्या अगदी उलटं चित्र. १ जून २०१८, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना. भारताने चायनीज तैपेईला पाच-शून्यने हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक. पाच गोल! बघायला माणसं किती? अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले. शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये येऊन करा, अशा अर्थाचं तो बोलला. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच होती. धो-धो पावसात तिकिटं संपली, भारत तीन-शून्यने जिंकला, छेत्रीचे दोन गोल.

आता सांगा, गोल कमी म्हणून मजा येत नाही, हे कारण टिकतं का? पाच गोल होऊनही खुर्च्या रिकाम्या, आणि कोल्हापुरात एकही गोल नसताना पाय ठेवायला जागा नाही. तिथे कुणीतरी आपलं असतं, एवढाच फरक. आपण पुणेकरांनी तर हे जवळून बघितलंय. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी आली, बालेवाडीत मॅचेस झाल्या आणि २०१९ मध्ये टीम गुंडाळली गेली. आपल्यातले किती जण एकदा तरी गेले होते? मँचेस्टरची जर्सी घालून पबमध्ये रात्री दीडला ओरडणारे आपण, बालेवाडी मात्र आपल्याला 'लांब पडतं'.

टीम अशाच जातात, बॉस. प्रेक्षक नसले की पैसा आटतो, पैसा आटला की टीम जाते, आणि भडगाव-पाचोऱ्याच्या एखाद्या चपळ पोराने पुढे कुठे जायचं हा प्रश्न तसाच राहतो.

तेव्हा पुढच्या वेळी तीन गोष्टी करा. एक, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन, चेंडूवरच नजर खिळवू नका. चेंडू नसलेला माणूस कुठे पळतोय ते बघा, अर्धी कुस्ती तिथेच चाललेली असते. तीन, एक टीम पकडा, शक्यतो अशी की जिच्या मैदानावर तुम्हाला बसने जाता येईल. दहा मॅचेस बघा, आणि तरीही बोअर झालं तर खुशाल क्रिकेट लावा, माझी काही हरकत नाही.

मामांचं म्हणाल तर ते हल्ली फोनवर केळीच्या भावाआधी विचारतात, "भाऊ, मेस्सीनी मॅच कव्हय शे?"