नोंदवहीला डोळे नसतात

कामाला मर्मदृष्टी लागते, हा म्हणे जुन्या माणसांचा भाबडेपणा. माहिती गोळा करा, कामाचे टप्पे आखून द्या, मोजमाप ठेवा. कुणाला काही सुचण्याची वाट पाहायला नको. एका व्यासंगी गृहस्थांनी नुकतेच हे भर व्याख्यानात सांगितले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा संताप आला.

या मंडळींनी व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयाचा इतिहास वाचावा. 1840च्या दशकात तिथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. 1846 मध्ये पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बायका बाळंतज्वराने दगावल्या. दुसऱ्यात तीनही नाहीत. यातले काही लपलेले नव्हते. पहिल्या विभागात टाकू नका म्हणून बायका गयावया करत. नोंदी होत्या, शिस्त होती, चौकशी समितीही बसली. मरणे थांबली नाहीत. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर एकेक कारण खोडत गेला. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या विभागात जास्त. हवा म्हणावी, तर दोन्हीकडे तीच. 1847 मध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेट्श्का शवविच्छेदन चालू असताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून आजारी पडले आणि गेले. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना सेमेलवाइसला त्यात मेलेल्या बाळंतिणी दिसल्या. आजार तोच होता! मग प्रेते चिरणारे हातच तपासणीला जात होते, आणि सुईणी प्रेते चिरत नव्हत्या. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरी अठरावर गेलेले मृत्यू जूनमध्ये दोनच्या घरात आले.

जंतूंची कल्पना त्यालाही नव्हती. तो अहवालही एकट्या त्याच्यासाठी लिहिलेला नव्हता. दोन विभागांचे आकडे वर्षानुवर्षे शेजारी शेजारी पडून होते. ते स्वतःहून बोलतात असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या मधल्या वर्षांत मेलेल्या बायकांचा हिशेब द्यावा.

मर्मदृष्टी चुकते, हा दुसरा आक्षेप. चुकतेच, म्हणून ती पडताळायची. पण पडताळायला आधी काहीतरी दिसावे लागते. ती मूठभरांचीच असते, हा तिसरा. तो साफ खोटा आहे.

गाण्यातही हा वाद जुनाच. स्वरलिपी आली तेव्हा आता गुरूचे काम संपले, असे म्हणणारे निघाले. मी स्वरलिपीच्या बाजूचा आहे. तिने कितीतरी बंदिशी वाचवल्या. पण भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर एकच. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत, हे पुस्तकात छापलेले असते. ते तोंडपाठ असलेल्या गायकाचा देशकार पाच मिनिटांत भूपात शिरताना मी ऐकला आहे. धैवतावर किती रेंगाळायचे, रिषभाला कुठे नुसते शिवून निघायचे, हे त्याला कुठल्याही तक्त्याने सांगितले नव्हते.

मग मर्मदृष्टी म्हणजे काय? आकाशातून पडणारी वीज मी तिला मानत नाही. एका गोष्टीच्या सहवासात फार काळ काढलेल्या माणसाला तिच्यात काय जुळत नाही ते आधी खुपते, आणि खुपल्यावर तो तिथून हलत नाही. रोज भाकरी थापणारी बाई परातीत पाण्याचा पहिला हबका मारताच पिठाची विरी गेल्याचे ओळखते आणि आधणाचे पाणी घेते. तिच्या हातात आहे ते याच जातीचे. म्हणूनच ते मूठभरांचे नाही.

ते शिकवताही येते, मात्र जाणत्याच्या शेजारी बसवून, सावकाश. नव्या डॉक्टरला, शिक्षकाला, कारागिराला पहिल्या वर्षी तेवढा वेळ द्या. आणि भरून घेता त्या प्रत्येक तक्त्यात एक रकाना मोकळा ठेवा: यात काय जुळत नाही? तो भरणाऱ्याला विलंबाचा खुलासा मागू नका.