ब्रेक ऑइल गळते गाडीचे, मेमो मात्र चालकाला



रेल्वेतल्या साथींना हे सांगायला नकोच. सी. अँड डब्ल्यू.च्या कर्मचाऱ्यांनी ब्रेक तपासून बी.पी.सी. दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. कागद नसेल तर गाडी उभी राहते, तसा नियमच आहे. मग तेच टपाल आणि तीच माणसे स्टेशनाबाहेर येऊन मोटारीत चढली, की ब्रेकचा कागद कुठे जातो? हा प्रश्न आम्ही विचारतो, कारण तो आमच्या अंगावर येऊन गेला आहे.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. कराडहून चिपळूणकडे टपालाच्या थैल्या घेऊन निघालो होतो. गाडीत आम्ही दोघे, एक चालक आणि एक थैल्यांबरोबरचा. कोयनानगरच्या अलीकडे ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागले. दोन-तीनदा दाबले की वर यायचे, पाय धरून ठेवला की पुन्हा हळूहळू खाली. चहाच्या टपरीशी थांबून पाहिले. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ आलेला, बोटाला पातळ आणि बुळबुळीत, इंजिन ऑइलसारखा काळा नव्हे. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली. पुढे कुंभार्ली घाटाचा उतार, आणि मेकॅनिक गाठायचा तर घाट उतरून चिपळूण.

टपरीवर सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाला, साबणाचे पाणी ओता, आरामात जाल. दुसरा म्हणाला, इंजिन ऑइल घाला. तिसरा म्हणाला, त्या चाकाचा पाइप चेपून टाका आणि तीन चाकांवर उतरा. हे उपाय प्रत्येक जुन्या चालकाने ऐकलेले आहेत, काहींनी केलेलेही आहेत. आम्ही केले नाहीत. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, वरिष्ठांना फोन केला. एक जण थैल्या मोजून एस.टी.ने चिपळूणला गेला, दुसरा गाडीपाशी बसला. टपाल उशिरा पोचले, पण एकही थैली हरवली नाही की भिजली नाही.

पंधरा दिवसांनी मेमो आला. टपालास विलंब का झाला, याचा खुलासा करा. ब्रेक ऑइल का गळत होते, याचा खुलासा मात्र कोणाकडेही मागितला गेला नाही. वास्तविक त्या पेडलाची तक्रार गाडीच्या वहीत आम्ही त्याआधी दोनदा लिहिली होती.

आम्ही थांबलो ते भित्रेपणाने नव्हे. आगगाडीच्या ब्रेक पाइपात चौरस सेंटिमीटरला ५ किलोचा दाब असतो, तोवर ब्रेक सुटलेले असतात. पाइप फुटला, दाब गेला, की ब्रेक आपोआप लागतात. १८७० च्या दशकात जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी रूढ केलेले हे तत्त्व. त्यात गळतीने गाडी थांबते. छोट्या मोटारीत नेमके उलटे आहे. पायाचा दाब चाकापर्यंत तेल नेते. तेल गेले की दाब गेला, आणि गाडी थांबत नाही. आताच्या गाड्यांत दोन स्वतंत्र सर्किटे असतात, एक गळाले तरी दुसरे काही काम करते. पण थांबायला अंतर जास्त लागते. भरलेली गाडी पावसात घाटातून उतरवण्याइतका भरवसा त्यावर ठेवता येत नाही.

आता त्या सल्ल्यांचे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. डॉट ३ जातीचे ताजे ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये, असे त्याचे मानकच आहे. घाटात ड्रम तापले की पाइपातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला टेकले तरी ब्रेक लागत नाही. इंजिन ऑइलने ब्रेकची रबरे फुगतात, मग एका चाकाचे दुखणे सगळ्या चाकांना लागते. पाइप चेपला तर ब्रेक दोन बाजूंना सारखे लागत नाहीत, गाडी एका बाजूला ओढते. सीलबंद डब्यातले योग्य जातीचे ब्रेक ऑइल घातले तरी गळती थांबत नाही. गाडी धोक्याच्या जागेवरून सपाट कडेला घेण्यापुरता वेळ मिळतो, इतकेच.

चालत्या गाडीत, उतारावरच पेडल खाली गेले तर? पेडल भराभर दाबत राहावे, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा, गाडी डोंगराच्या बाजूला घ्यावी. इंजिन बंद करू नये, गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये. एकदा थांबली की मेकॅनिक येईपर्यंत पुन्हा हलवू नये.

यात आपलेही थोडे चुकते, हे मान्य केले पाहिजे. ‘टपाल थांबता कामा नये’ या अभिमानापोटी आपण गळक्या गाड्या पुढे रेटतो. सकाळी बॉनेट न उघडता वहीत ‘ओ.के.’ लिहून सही करतो. उद्या अपघात झाला तर तीच सही आपल्याविरुद्ध वाचून दाखवली जाईल.

कायदाही याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे धोकादायक दोष असलेले वाहन चालवणारा जसा गुन्हेगार, तसाच ते चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही. दोष माहीत असणे किंवा साध्या काळजीने कळण्यासारखा असणे, इतके पुरेसे आहे. वहीत दोनदा लिहिलेला दोष वरिष्ठांना माहीत नव्हता, असे कोण म्हणेल?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे. टपालाच्या मोटारी असोत की रेल्वेच्या ट्रॅकवरच्या कामगारांना नेणाऱ्या जीपा, रस्त्यावरच्या प्रत्येक खात्याच्या गाडीला बी.पी.सी.सारखा कागद हवा. त्यावर ब्रेक तपासणाऱ्याची सही आधी, चालकाची नंतर. प्रत्येक गाडीत चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे, बॅटरी आणि योग्य जातीच्या ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा असावा. ब्रेकचा दोष लिहून गाडी थांबवणाऱ्यास विलंबाचा मेमो देऊ नये. आणि हे सर्व कंत्राटी गाड्यांनाही लागू व्हावे. आम्ही मेमोला उत्तर देऊ शकलो, कारण पाठीशी संघटना होती. कंत्राटी चालकाने गाडी थांबवली तर त्याला मेमोसुद्धा मिळत नाही, दुसऱ्या दिवशी कामच मिळत नाही. मग तो साबणाचे पाणी ओततो आणि घाट उतरतो. त्याच्या मागे बसलेली माणसे आपलीच असतात.

बंधूंनो, उद्यापासून एवढे तरी करा. निघण्यापूर्वी डबीची पातळी बघा, चाकांच्या आत नजर टाका, पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. खाली गेले तर तारीख आणि वेळ घालून वहीत लिहा, त्या पानाची नक्कल शाखेच्या सचिवांकडे द्या. प्रशासनाशी बोलताना भाषणापेक्षा अशी शंभर पाने अधिक उपयोगी पडतील.