तळ्याकाठचा ‘रहिवासी’ नेमका कोण?

पाण्याकाठी रिसॉर्ट आणि गृहसंकुल येणार अशी बातमी आली की तिच्यात एक ठरलेलं वाक्य असतं : ‘स्थानिक रहिवाशांनी चिंता व्यक्त केली आहे.’ हे रहिवासी कोण, ते बातमीत क्वचितच सापडतं. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो रहिवासी धरला जातो. शेजारच्या बंगल्यांची सोसायटीही रहिवासी असते, तिच्याकडे वकील असतो. पण त्याच काठावर मासे धरणारा, गुरं चारणारा, दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी टाकून दोन पिढ्या राहिलेला माणूस? त्याची चिंता कुठल्या रकान्यात लिहायची?

महाराष्ट्रापुरतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण लवासा. मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतल्या 18 गावांचा भाग 2001 मध्ये गिरिस्थान म्हणून जाहीर झाला आणि वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी हॉटेलं, बंगले, फ्लॅट उभे राहू लागले. हे धरण पुण्याला पाणी पुरवणाऱ्या साखळीतलं. 2002 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळाने 141 हेक्टर जमीन या प्रकल्पाला भाडेपट्ट्याने दिली. धरण म्हणजे सार्वजनिक हित, असं सांगून लोकांना उठवायचं आणि पुढे त्याच पाण्याचा काठ खासगी ‘लेक व्ह्यू’ म्हणून विकायचा, असा हा प्रवास आहे. 2008 मध्ये तर कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. म्हणजे घर बांधणारा तोच आणि बांधकामाला परवानगी देणाराही तोच. तो दर्जा 2017 मध्ये काढून घेतला गेला.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर 2010 मध्ये काम थांबवायची नोटीस दिली आणि वर्षभराने अटींसह मंजुरीही दिली. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यानंतर फ्लॅटधारक आणि बँका ‘देणेकरी-घेणेकरी’ म्हणून न्यायाधिकरणापुढे उभे राहू शकले, कारण त्यांच्याकडे कागद होता. डोंगरातल्या वाड्यांवरच्या कातकऱ्यांकडे तो नव्हता. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी कातकरी एक. त्यांच्या कित्येक वाड्या दुसऱ्यांच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. मालकाने जमीन विकली की वाडीही विकली जाते आणि तिथला माणूस कुठल्याही यादीत न येता विस्थापित होतो.

कायदा इथे काय म्हणतो? 2013 च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत भूमिहीन मजूर आणि कुळांनाही घेतलं, ही मोठी गोष्ट. पण सरकार जमीन संपादित करत असेल तेव्हाच तो मुख्यतः लागू होतो. एजंटमार्फत गुपचूप खरेदीखतं झाली की सामाजिक परिणामांचा अभ्यास बहुतेक वेळा होतच नाही. दुसरा दरवाजा जनसुनावणीचा. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेने बांधकाम प्रकल्प आणि टाऊनशिप यांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. कारखान्यासाठी गावाला मांडवात बसवून निदान ऐकून घ्यावं लागतं. शेकडो फ्लॅटांच्या वसाहतीसाठी तेवढंही नाही. रहिवाशांची चिंता ऐकायची जागाच कायद्याने बंद केली आहे. मग ती वर्तमानपत्रातल्या एका वाक्यात उरते.

हे लिहिताना मी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैत आहे. बेंगळुरू महामार्गावरच्या या गावाचं नाव मोटारींच्या कारखान्यामुळे माहीत झालं; ह्युंदाईने इथे 1998 मध्ये उत्पादन सुरू केलं. अधिसूचित औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांनाही काही अटींवर जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे तळ्याकाठचं रिसॉर्ट असो की महामार्गाकाठचा कारखाना, गावाला विचारण्याची पायरी दोन्हीकडे गाळता येते. हा भाग पूर्वी चिंगलपुट जिल्ह्यात होता. तिथले कलेक्टर ट्रेमेनहीर यांनी 1891 मध्ये परैयर समाजाच्या स्थितीवर टिपण लिहिलं आणि 1892 मध्ये मद्रास सरकारने अस्पृश्य जातींना जमिनी देण्याचा आदेश काढला. याच ‘पंचमी’ जमिनी. दहा वर्षं विकायच्या नाहीत, नंतरही फक्त त्याच समाजातल्या माणसाला विकायच्या, अशी अट होती. अशा सुमारे 12 लाख एकर जमिनी दिल्या गेल्याचं सांगतात. त्यांतल्या बऱ्याच आज दुसऱ्यांच्या ताब्यात आहेत. 1994 मध्ये करणै गावच्या पंचमी जमिनीसाठी झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दोन तरुण मारले गेले.

आपल्याकडे पंचमीचं भावंड म्हणजे महार वतन. 1958 च्या कायद्याने वतनं रद्द झाली आणि जमिनी परत मिळाल्या त्या ‘नवीन शर्ती’वर, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. तरीही 2025 मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे 40 एकर महार वतन जमिनीचा व्यवहार गाजलाच. शहर वाढतं तेव्हा आधी त्या जमिनीकडे बघतं, जिचा मालक सर्वात दुबळा आहे.

‘पण रोजगार येतो ना?’ असं आपलेच भाऊबंद विचारतात, आणि प्रश्न खोटा नाही. रोजगार येतो. फक्त तो कोणता, हे बघावं : गेटवर वॉचमन, खोल्यांत सफाई, बागेत माळी. काल ज्या काठावर आपली गुरं होती, तिथेच आज ओळखपत्र दाखवून मागच्या दाराने आत जायचं. जातीने ठरवलेली कामं गणवेश घालून परत येतात. आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी अनेकांनाही असा एक फ्लॅट हवाच असतो. त्यात लाज नाही. पण तो कुणाच्या वाडीवर उभा आहे, हे विचारायची जबाबदारी तर आपली आहे.

महाड आठवा. 1927 मध्ये बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, तेव्हा सनातन्यांनी कोर्टात काय सांगितलं? तळं खासगी आहे. दहा वर्षं खटला चालला आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. आज तळ्याभोवती कुंपण घालून तोच दावा नव्या भाषेत केला जातो.

पहिल्या पिढीचे पदवीधर म्हणून आपल्याकडे एक गोष्ट आहे, जी आजोबांकडे नव्हती : आपल्याला कागद वाचता येतो. सुट्टीत गावी जाल तेव्हा सातबारा काढा. ‘भोगवटादार वर्ग 2’ लिहिलंय का, ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय आहे, जुने फेरफार कुणाच्या नावे झाले, ते बघा. माहितीच्या अधिकारात प्रकल्पाचा अर्ज आणि मंजुरीच्या अटी मागा. ग्रामसभेत ठराव लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत जपा. ज्यांच्या नावावर काहीच नाही, त्यांची वाडी, विहीर, दफनभूमी, पाणंद यांची नोंद करा, फोटो काढा, तारीख टाका. पुढच्या वेळी ‘रहिवाशांची चिंता’ छापून येईल, तेव्हा त्या रहिवाशांच्या यादीत ही नावं असली पाहिजेत. ती यादी दुसरं कुणी करणार नाही.