पाणी अडवलंत, आता उपसा आवरा



ज्या गावांनी भर उन्हात टिकाव-घमेली घेऊन समतल चर खोदले, त्याच गावांच्या शिवारात आज तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या बोअरच्या गाड्या रात्रभर घरघरताहेत. सकाळी बांधावर राखाडी भुकटीचा ढीग दिसतो आणि चार दिवसांत शेजारची विहीर तळ गाठते. श्रमदान सगळ्यांनी करायचं आणि पाणी ज्याची मोटर मोठी त्याने न्यायचं, ही राजरोस लूट आहे. आणि आपण ती मुकाट्याने पाहतो आहोत. पाणी समितीच्या कार्यकर्त्यांनी चर खोदताना कधी हयगय केली नाही, हे आम्ही छातीठोकपणे सांगतो. पण वापराला नियम नसेल तर हा सगळा घाम फुकट आहे.

हिशेब साधा आहे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला साधारण २ कोटी लिटर लागतात. म्हणजे २,००० टँकर एका हेक्टरात जिरवायचे आणि मे महिन्यात टँकरसाठी तहसीलवर मोर्चा न्यायचा! हिवरे बाजार या गावात पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे शेतीसाठी बोअर बंद आहे, आणि पडलेला पाऊस मोजून, ग्रामसभेत ताळेबंद मांडून मगच पिकं ठरतात. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी एकरावर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं, भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसाला मज्जाव केला. दोन्हीकडे नियम गावाने केला आणि गावानेच पाळला.

‘माझ्या रानातलं पाणी माझं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगू, की खडकाला सातबारा कळत नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. तुमच्या बोअरने ओढलेलं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतलंच असतं. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना शेतीसाठी मनाई करणारा राज्याचा भूजल कायदा २००९चा आहे. तो कागदावर राहिला, कारण गाव गप्प राहिलं. ‘आणखी शंभर फूट गेलं की लागेल’ या जुगारावर शब्द खर्चायची गरज नाही. त्या जुगाराची कर्जं घराघरांत आहेत. ‘ऊसच परवडतो’ हा मुद्दा मात्र खरा आहे. त्याला बांधलेला दर आहे, तोड ठरलेली आहे. ज्वारी-हरभऱ्याला ती हमी नाही. म्हणून ऊस एका रात्रीत उपटा, असं आम्ही म्हणत नाही. आहे तो ठिबकवर आणा, नवी लागण थांबवा, आणि कडधान्याच्या हमीभाव खरेदीसाठी मोर्चा काढा. आम्ही पुढे असू.

आता कामाचं. पर्जन्यमापक आजच बसवा. विहिरी आणि बोअर मोजा, लपवाछपवी नको. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ताळेबंद मांडा: आधी माणसं, मग जनावरं, उरेल त्यात रब्बी. ठराव करा, फळ्यावर लिहा. नवं बोअर दिसलं की त्याच दिवशी तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, मग मालक भावकीतला असो की सरपंचाचा मेहुणा. बायांनो, हंडा तुमच्या डोक्यावर येतो. ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसा. या वेळी जो गैरहजर राहील, त्याने उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत तक्रार करू नये.